दाराचा क्रमांक आणि दाराची राखण

तापी नदीच्या उत्तर तीरावर वसलेले बऱ्हाणपूर हे दक्षिणेचे प्रवेशद्वार म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. खानदेशच्या फारुकी राजवटीचे आणि पुढे मोगलांच्या दख्खनमधील कारभाराचे हे एक प्रमुख ठाणे होते. १७३१ साली निजाम असफजाह याने या शहराभोवती विटांचा तट उभारला. त्या तटाला बुरूज व नऊ मोठे दरवाजे होते. शनवारा, इतवारा अशा वारांच्या नावांनी त्यांपैकी काही दरवाजे आजही ओळखले जातात. तटबंदीच्या शहराचा व्यवहार नीट चालावयाचा तर दोन गोष्टी निश्चित असाव्या लागत. कोणत्या कामासाठी कोणत्या दरवाज्याने जावयाचे हे लोकांना ठाऊक असावे लागे आणि त्या दरवाज्यावर पहारा कोणाचा, तो उघडतो केव्हा व मिटतो केव्हा, हे कारभाऱ्यांना ठाऊक असावे लागे. दरवाज्याला नाव मिळाले म्हणून पहारा आपोआप बसत नसे.

आज हीच गोष्ट एका निराळ्या क्षेत्रात ध्यानी घेण्याची वेळ आली आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या या भागात मराठी बोलणारी वस्ती मोठी आहे. यंत्रमागांचे कारखाने, सहकारी संस्था, शाळा, रुग्णालये व शासकीय कार्यालये यांचा बराचसा व्यवहार सीमेच्या दोन्ही बाजूंना आता संगणकावर होऊ लागला आहे. या संगणकांनाही दरवाजे असतात व त्या दरवाज्यांना क्रमांक असतात. या क्रमांकांना ‘पोर्ट क्रमांक’ असे म्हणतात. कार्यालयाच्या अंतर्गत उपयोगासाठी एखादी संगणक-आज्ञावली बसविताना हा क्रमांक कसा निवडावा आणि निवडल्यावर काय करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

अंतर्गत आज्ञावली म्हणजे काय?

समजा, एखाद्या शाळेने विद्यार्थ्यांची हजेरी, शिष्यवृत्ती व परीक्षेचे गुण यांची नोंद एका संगणकावर ठेवली आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीतील, लेखनिकाच्या टेबलावरील आणि शिक्षक-खोलीतील असे तीन संगणक त्या नोंदी पाहू व भरू शकतात. याकरिता प्रत्येक संगणकावर निराळी आज्ञावली बसवावी लागत नाही. आज्ञावली एकाच संगणकावर चालते व बाकीचे संगणक नेहमीच्या ब्राउझरमधून तिच्याशी संबंध जोडतात. सेवा देणाऱ्या या संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात. तालुका कार्यालयाची आवक-जावक नोंदवही, सहकारी पतसंस्थेच्या सभासदांची खाती, यंत्रमाग कारखान्यातील सुताचा साठा व कामगारांची हजेरी, अशी कितीतरी कामे या पद्धतीने करता येतात. बाहेरच्या जगासाठी असलेल्या संकेतस्थळाहून ही व्यवस्था भिन्न आहे. तिचा उपयोग फक्त त्या संस्थेतील अधिकृत व्यक्तींनीच करावयाचा असतो. तिला ‘अंतर्गत’ म्हणतात ते यासाठी.

पत्ता आणि पोर्ट

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक संगणकाला एक अंकी पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. परंतु एकाच संगणकावर अनेक आज्ञावल्या एकाच वेळी सेवा देत असतात. एखादी पत्रव्यवहार सांभाळते, एखादी फायली देते, तर एखादी हजेरीची नोंद ठेवते. तेव्हा नुसता पत्ता देऊन भागत नाही. मोठ्या कचेरीत पत्र पाठविताना इमारतीच्या पत्त्याबरोबर कोणत्या खिडकीकडे जावयाचे तेही लिहावे लागते. पोर्ट क्रमांक म्हणजे ती खिडकी होय. संगणकाच्या मागील बाजूस तारा जोडण्यासाठी जी भोके असतात त्यांनाही पोर्ट म्हणतात, परंतु येथे अभिप्रेत असलेला पोर्ट डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक संदेशाबरोबर जाणारा तो केवळ एक आकडा आहे.

या आकड्यासाठी संदेशात सोळा द्विमान अंकांची जागा राखून ठेवलेली असते. त्यामुळे ० पासून ६५५३५ पर्यंत एकूण ६५,५३६ क्रमांक उपलब्ध होतात. संदेश वाहून नेण्याच्या टीसीपी व यूडीपी अशा दोन प्रमुख पद्धती आहेत व दोहोंचे क्रमांक स्वतंत्र मोजले जातात. ब्राउझरचे अंतर्गत काम बहुधा टीसीपीवर चालते. एका पत्त्यावरील एका पोर्टवर एका वेळी सामान्यतः एकच आज्ञावली बसू शकते. दुसरी तेथे बसू लागली तर जागा व्यापलेली असल्याची सूचना मिळते व ती सुरूच होत नाही.

नेहमीची संकेतस्थळे उघडताना हा क्रमांक लिहावा लागत नाही, कारण साध्या संकेतस्थळासाठी ८० व सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३ हे क्रमांक ब्राउझर स्वतःच गृहीत धरतो. अन्य क्रमांक वापरावयाचा असल्यास पत्त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे देऊन तो लिहावा लागतो, जसे १९२.१६८.१.२०:८०८०. प्रत्यक्ष संगणकावर हे अंक इंग्रजी लिपीतच टंकित करावयाचे असतात.

क्रमांकांची वही कोणी ठेवली?

संगणकांचे जाळे नवीन असताना कोणी कोणता क्रमांक वापरावा याचा काहीच नियम नव्हता. १९७२ च्या मे महिन्यात जॉन पोस्टेल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने असे सुचविले की, एका व्यक्तीने सर्व क्रमांकांची यादी ठेवावी व मागणीप्रमाणे ते वाटून द्यावेत. हे काम पुढे त्यानेच अंगावर घेतले व १९९८ साली मृत्यू येईपर्यंत निष्ठेने केले. जगाच्या दळणवळणाची आज जी शिस्त दिसते तिचा एक पाया या साध्या नोंदवहीत आहे. ही यादी सांभाळणारी संस्था आयाना या संक्षिप्त नावाने ओळखली जाते.

क्रमांक मागून घेण्याची पद्धत किती साधी होती याचे एक उदाहरण उद्बोधक आहे. फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी १९९५ साली दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याची ‘एसएसएच’ ही आज्ञावली तयार केली. २१ हा क्रमांक फायलींच्या देवाणघेवाणीस आणि २३ हा ‘टेलनेट’ या जुन्या सेवेस दिलेला होता. मधला २२ मोकळा असल्याचे पाहून त्यांनी पत्राने तो मागितला व दुसऱ्याच दिवशी तो त्यांना मिळाला. आज जगभरातील सर्व्हर त्याच क्रमांकावर ही सेवा देतात.

२०११ साली निश्चित करण्यात आलेल्या नियमांनुसार सर्व क्रमांकांचे तीन वर्ग मानले जातात. ० ते १०२३ हे व्यवस्थेचे क्रमांक होत. १०२४ ते ४९१५१ हे नोंदणीचे क्रमांक असून विविध आज्ञावल्यांच्या निर्मात्यांनी त्यांतील अनेक आपल्या नावे नोंदवून घेतले आहेत. ४९१५२ ते ६५५३५ हे तात्पुरत्या वापराचे क्रमांक असून ते कोणाच्याही नावे नोंदविले जात नाहीत.

निवड करताना

अंतर्गत आज्ञावलीसाठी अमुक एकच क्रमांक सर्वोत्तम, असे सांगता येत नाही. कोणते क्रमांक टाळावेत हे मात्र निश्चितपणे सांगता येते. ते टाळले की जे उरतात त्यांतील कोणताही चालतो.

(१) १०२४ च्या खालील क्रमांक. युनिक्स व लिनक्स या जातीच्या संगणकांवर हे क्रमांक घेण्यासाठी आज्ञावलीला परंपरेने व्यवस्थापकाचे सर्वाधिकार द्यावे लागतात. अशा आज्ञावलीत एखादा दोष निघाला व त्याचा कोणी गैरफायदा घेतला तर आज्ञावलीबरोबर सबंध संगणकच त्याच्या ताब्यात जाण्याचा धोका असतो. हजेरीची वही ठेवणाऱ्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देण्याचे कारण नाही.

(२) तात्पुरत्या वापराचे क्रमांक. लेखनिक एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा उत्तर परत येण्यासाठी त्याचा संगणकही स्वतःकडील एक पोर्ट तेवढ्यापुरता उघडतो. विंडोज प्रणालीच्या अलीकडील आवृत्त्या यासाठी ४९१५२ पासून पुढचे क्रमांक घेतात. लिनक्स प्रणाली सामान्यतः ३२७६८ ते ६०९९९ या पट्ट्यातील क्रमांक घेते. कायमची आज्ञावली याच पट्ट्यात बसविली तर एखाद्या सकाळी तिची जागा दुसऱ्याच कामाने व्यापलेली निघते व ती सुरू होत नाही. दुसऱ्या दिवशी तीच आज्ञावली विनातक्रार सुरू होते. कधी दिसणारा व कधी न दिसणारा असा दोष शोधून काढणे फार कठीण जाते.

(३) प्रसिद्ध आज्ञावल्यांचे क्रमांक. माहितीसाठा ठेवणाऱ्या मायएसक्यूएल या आज्ञावलीचा ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलचा ५४३२, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ आणि विंडोज संगणक दुरून चालविण्याचा ३३८९ हे क्रमांक सर्वपरिचित आहेत. आपल्या संगणकावर आज ती आज्ञावली नसली तरी उद्या बसवावी लागेल. शिवाय नव्या तंत्रज्ञाने यादी पाहिली तर तेथे काय चालले आहे याविषयी त्याचा गैरसमज होईल.

(४) सर्वांच्या आवडीचे क्रमांक. ८०८०, ३०००, ५००० व ८००० हे क्रमांक आज्ञावलीकार सवयीने वापरतात. त्यांत तांत्रिक दोष नाही. मात्र सगळेच ते घेत असल्यामुळे एकाच संगणकावर दुसरी आज्ञावली बसविताना संघर्ष होतो. ॲपल कंपनीच्या संगणकांवर २०२१ च्या सुमारास आलेल्या प्रणालीत पडद्यावर चित्र पाठविण्याची सेवा ५००० या क्रमांकावर सुरू झाली, तेव्हा तोच क्रमांक वापरणाऱ्या अनेक आज्ञावल्या एकाएकी सुरू होईनाशा झाल्या होत्या.

(५) ब्राउझर नाकारतो ते क्रमांक. ही बाब पुष्कळांना ठाऊक नसते. ६०००, ६६६५ ते ६६६९, १००८० आदी काही क्रमांक ब्राउझर उघडतच नाही. आज्ञावली उत्तम चाललेली असते, तारा जोडलेल्या असतात, तरीही पडद्यावर पोर्ट असुरक्षित असल्याची सूचना दिसते. एखाद्या लबाड संकेतस्थळाने वाचकाच्या ब्राउझरला फसवून त्याच्याकरवी दुसऱ्याच सेवेशी संभाषण घडवून आणू नये, म्हणून ही बंदी घालण्यात आली आहे. १००८० हा क्रमांक अशाच एका नव्या हल्लापद्धतीचा शोध लागल्यानंतर २०२१ साली बंदीच्या यादीत आला.

हे सर्व वगळल्यावर १०२४ च्या वरचे व ३२७६८ च्या खालचे हजारो क्रमांक शिल्लक राहतात. त्यांतून निवडलेला क्रमांक आयानाच्या यादीत कोणाच्या नावे आहे काय हे पाहावे. नंतर सर्व्हरवर ‘नेटस्टॅट’ किंवा लिनक्सवर ‘एसएस’ ही आज्ञा देऊन तो क्रमांक आधीच कोणी घेतला आहे काय हे तपासावे. संस्थेत अनेक आज्ञावल्या असतील तर प्रत्येकीसाठी स्वतंत्र विचार करीत बसण्यापेक्षा पन्नास क्रमांकांचा एक सलग पट्टा आपल्या संस्थेपुरता ठरवून घ्यावा व त्यातून क्रमाने वाटप करावे. पुढे काम वाढले तरी गोंधळ होत नाही.

आडवळणाचा क्रमांक म्हणजे संरक्षण नव्हे

येथपर्यंतचे काम सोपे आहे. खरी चूक याच्या पुढे होते. नेहमीचा क्रमांक सोडून कोणाच्या मनातही येणार नाही असा क्रमांक घेतला म्हणजे आज्ञावली सुरक्षित झाली, अशी समजूत अनेक कार्यालयांत आढळते. ही समजूत चुकीची असून तिच्यामुळे नागरिकांच्या माहितीस धोका पोहोचू शकतो.

एका संगणकावरील सर्व ६५,५३६ दारे एकेक करून ठोठावण्याचे काम माणसाला करावे लागत नाही. ते आज्ञावली करते व पुष्कळदा काही मिनिटांतच पूर्ण करते. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘झेडमॅप’ नावाचे साधन तयार केले. एका साध्या सर्व्हरवरून व वेगवान जोडणीवरून जगातील सर्व सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यांवरील एखादा विशिष्ट पोर्ट उघडा आहे की काय, हे पाहण्यास त्याला ४५ मिनिटेही लागत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. गल्लीच्या टोकाचे दार कोणाला दिसणार नाही, हा भरवसा येथे उपयोगाचा नाही.

गेल्या काही वर्षांतील घटना याचीच साक्ष देतात. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा संगणक-किडा १४३४ या पोर्टमधून पसरला. तो शिरू शकेल अशा संगणकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संगणक त्याने दहा मिनिटांत बाधित केले. त्यांची संख्या किमान ७५,००० होती. २०१६ साली ‘मिराई’ या आज्ञावलीने घरोघरीचे राउटर व कॅमेरे काबीज केले. ती २३ या पोर्टबरोबर २३२३ हा पर्यायी पोर्टही तपासून पाहत असे. म्हणजे काहींनी दार हलविले होते, परंतु हलविलेल्या दाराचा पत्ता चोरांनाही ठाऊक होता. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेलाच नव्हता. १२ मे २०१७ रोजी ‘वॉन्नाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने ४४५ या पोर्टवरील सेवेच्या दोषाचा उपयोग करून जगभर हाहाकार उडविला व ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम विस्कळीत केले. स्लॅमर व वॉन्नाक्राय यांनी ज्या दोषांचा लाभ घेतला त्यांवरील दुरुस्ती हल्ल्याच्या कित्येक आठवडे, किंबहुना महिने, आधीच उपलब्ध झालेली होती. ती बसविण्यात आली नव्हती.

या घटनांवरून बोध घ्यावयाचा तो असा की, क्रमांकाने दार ओळखता येते. दाराची राखण मात्र निराळ्या उपायांनी करावी लागते.

राखणीचे उपाय

पहिला उपाय आज्ञावली कोणत्या पत्त्यावर ऐकते हे ठरविण्याचा. १२७.०.०.१ हा पत्ता दिला तर आज्ञावली फक्त त्याच संगणकाला उत्तर देते. कार्यालयातील अंतर्गत पत्ता दिला तर त्या जाळ्यातील संगणकांना उत्तर देते. ०.०.०.० असे लिहिले तर संगणकाच्या सर्व जोडण्यांवर, म्हणजे असेल तर बाहेरच्या जोडणीवरही, दार उघडते. पुष्कळ आज्ञावल्यांत हा तिसरा पर्याय आधीच लिहिलेला असतो. तो पाहून बदलणे हे बसविणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

दुसरा उपाय फायरवॉलचा. फायरवॉल म्हणजे संगणकाच्या तटावरील पहारेकरी. कोणत्या पत्त्यावरून येणाऱ्यास कोणत्या पोर्टवर प्रवेश द्यावा, याची यादी त्यास द्यावी लागते. शाळेत लेखनिकाचा संगणक व विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील संगणक पुष्कळदा एकाच जाळ्यावर असतात. अशा वेळी गुणांची नोंद ठेवणाऱ्या पोर्टवर केवळ कार्यालयातील ठरावीक संगणकांनाच प्रवेश मिळेल असा नियम घालावा. ‘अंतर्गत’ या शब्दाचा अर्थ ‘इमारतीतील सर्वांसाठी’ असा नाही.

तिसरा उपाय राउटरसंबंधी आहे. अंतर्गत जाळ्यासाठी १० या अंकाने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ या अंकांनी सुरू होणारे आणि १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते १९९६ पासूनच्या नियमांनुसार राखीव आहेत. बाहेरून या पत्त्यांकडे थेट येता येत नाही. परंतु ‘घरूनही काम करता यावे’ म्हणून कोणी राउटरमध्ये पोर्ट पुढे पाठविण्याची सोय करून ठेवली की, अंतर्गत आज्ञावली त्या क्षणापासून जगासमोर येते. काही राउटर अशी वाट आज्ञावलीच्या मागणीवरून स्वतःच उघडतात. ही सोय बंद ठेवावी. बाहेरून काम करणे अपरिहार्य असेल तर व्हीपीएन या सुरक्षित मार्गाची व्यवस्था करावी.

चौथा उपाय ओळख पटविण्याचा. कार्यालयातीलच मंडळी आहेत, पासवर्ड कशास हवा, असे म्हणून चालणार नाही. प्रत्येकास स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा, म्हणजे कोणती नोंद कोणी बदलली हेही कळते. शक्य तेथे अंतर्गत व्यवहारही सांकेतिक स्वरूपात, म्हणजे एचटीटीपीएस पद्धतीने व्हावा. अन्यथा त्याच जाळ्यावरील दुसरी व्यक्ती पासवर्ड वाचू शकते.

एकच वेस, आत अनेक वाडे

आज्ञावल्या वाढल्या की कर्मचाऱ्यांना क्रमांक लक्षात ठेवणे जड जाते. हजेरीला एक आकडा, आवक-जावकला दुसरा, भांडाराला तिसरा, असे होऊ लागते. यावर एक चांगली व्यवस्था रूढ आहे. सर्व्हरवर पुढे एकच मध्यस्थ आज्ञावली ४४३ या सुरक्षित क्रमांकावर बसवावी व बाकीच्या आज्ञावल्या तिच्या मागे १२७.०.०.१ या पत्त्यावर आपापल्या पोर्टवर ठेवाव्यात. एनजिन्क्स व अपाची या आज्ञावल्या हे काम विनामूल्य करतात. कर्मचारी ‘हजेरी’, ‘भांडार’ अशा नावांनी मागणी करतो, मध्यस्थ ती योग्य पोर्टकडे पोहोचवितो. वेस एकच असल्यामुळे पहारा एकाच ठिकाणी नीट ठेवता येतो, प्रमाणपत्र एकाच ठिकाणी बसविता येते आणि आतील क्रमांक बदलला तरी कोणाला कळविण्याची गरज पडत नाही. ज्या संस्थेत दोनपेक्षा अधिक आज्ञावल्या आहेत तिने हीच व्यवस्था स्वीकारणे श्रेयस्कर ठरेल.

नोंदवहीचे महत्त्व

बऱ्हाणपूरच्या परिसरात सतराव्या शतकाच्या आरंभी मोगल काळात बांधलेली कुंडी भंडारा ही भूमिगत पाणीयोजना प्रसिद्ध आहे. सातपुड्याच्या बाजूने झिरपणारे पाणी जमिनीखालील बोगद्यातून शहराकडे आणण्यात आले. बोगदा डोळ्यांना दिसत नाही. ओळीने बांधलेल्या कुंड्यांच्या तोंडांवरून तो कोठून कोठे जातो हे कळते व त्या तोंडांतूनच आत उतरून देखभाल करता येते. संगणकाच्या जाळ्याचा मार्गही असाच अदृश्य आहे. त्याच्या कुंड्या म्हणजे लेखी नोंदी होत.

पोर्टचा क्रमांक ठरविणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली होते, करारावरील तंत्रज्ञ निघून जातो आणि त्याने उघडलेले दार मात्र उघडेच राहते. त्यामागील आज्ञावली कोणी वापरत नाही, म्हणून कोणी ती अद्ययावतही करीत नाही. हल्लेखोराला अशीच दारे हवी असतात. यासाठी प्रत्येक संस्थेने पोर्टची एक नोंदवही ठेवावी. तीत संगणकाचे नाव व पत्ता, पोर्ट क्रमांक, टीसीपी की यूडीपी, आज्ञावलीचे नाव, कामाचा हेतू, कोणत्या संगणकांना प्रवेश आहे, परवानगी देणारा अधिकारी, सुरू केल्याचा दिनांक, देखभालीची जबाबदारी आणि बंद केल्याचा दिनांक असे रकाने असावेत. कार्यभार हस्तांतरित करताना किल्ल्या व शिक्क्यांबरोबर ही नोंदवहीही सोपवावी. दर तीन महिन्यांनी सर्व्हरवरील उघडे पोर्ट पाहून ते नोंदवहीशी ताडून पाहावेत. वहीत नसलेला पोर्ट उघडा आढळल्यास त्याची तत्काळ चौकशी करावी व वहीत असून वापरात नसलेला पोर्ट बंद करावा.

कायद्याचीही या बाबतीत काही बंधने आहेत. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, म्हणजे सर्ट-इन, ही संस्था २००४ पासून कार्यरत आहे. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवावयाच्या असून संगणक-प्रणालींतील नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने नागरिकांची माहिती सांभाळणाऱ्यांवर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी टाकली आहे.

प्रत्येकाचा वाटा

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे मानू नये. अधिकाऱ्याने आज्ञावली स्वीकारताना तंत्रज्ञास तीन प्रश्न विचारावेत. ती कोणत्या पत्त्यावर व पोर्टवर ऐकते? तेथे कोणाकोणास प्रवेश आहे? ती बंद करावयाची झाल्यास कोणी व कशी करावयाची? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये. शिक्षकांना हा विषय वर्गातही शिकविता येईल. शाळेच्याच संगणकावर कोणते पोर्ट उघडे आहेत हे ‘नेटस्टॅट’ आज्ञेने विद्यार्थ्यांना दाखविल्यास जाळ्याचे अदृश्य कार्य त्यांच्या ध्यानात येईल. मात्र दुसऱ्याच्या संगणकाचे पोर्ट त्याच्या परवानगीवाचून तपासू नयेत, हेही त्यांना त्याच वेळी सांगावे.

ग्रामस्थांचा संबंध तर सर्वांत जवळचा आहे. शिधापत्रिका, जमिनीचे उतारे, पतसंस्थेतील ठेव, मुलाची शिष्यवृत्ती, रुग्णालयातील केसपेपर ही माहिती त्यांचीच असते. ती कोणत्या संगणकावर ठेवली आहे व कोण पाहू शकतो, हे ग्रामसभेत किंवा संस्थेच्या वार्षिक सभेत विचारण्यास कोणतेही तांत्रिक शिक्षण लागत नाही. असा प्रश्न विचारला जाणार हे ठाऊक असले की दाराची राखण करणाराही जागा राहतो.

पोर्टचा क्रमांक निवडण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. तो वहीत नोंदविण्यास आणखी पाच मिनिटे लागतील. त्या दाराने कोणी यावे व कोणी येऊ नये हे ठरवून दर तिमाहीस एकदा पाहणी करण्यास वर्षाकाठी फार तर दोन-चार दिवस खर्ची पडतील. लोकांनी विश्वासाने सोपविलेली माहिती सुरक्षित राहण्यासाठी एवढा वेळ देणे प्रत्येक कार्यालयास, शाळेस व संस्थेस सहज शक्य आहे.